हळकुंडाचा डाग

छातीचा फोटो काढताना अंगावर धातूचं काही नको, केसातली पिनसुद्धा नको, असं शेवगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देतानाच बजावलं होतं. आत गेल्यावर गार पाटीला छाती टेकवायची, श्वास भरून रोखायचा, हलायचं नाही. संपलं. ‘दुखत काही नाही,’ हे मी बायकोला दहादा सांगितलं. मी शाळामास्तर, न विचारलेलं सांगायची खोड जुनी. तिला फोटोची भीती नव्हतीच. दोन महिने खोकला हटत नव्हता आणि पाच महिन्यांची मुलगी अंगावर पीत होती. क्षय निघाला तर पोरीला तोडावं लागेल, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर माझी आई अडून बसली. नवरा धडधाकट असताना सुनेचा गळा मोकळा कसा ठेवायचा? शेवटी तिनेच तोड काढली. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून सुनेच्या गळ्यात बांधलं. “हे का सोनं हाय, का लोखंड? ऱ्हाऊ दे गळ्यात.” मलाही पटलं. आणि असा मी पोरांना विज्ञान शिकवत होतो!

सकाळच्या एसटीने आम्ही चौघं नगरला गेलो. दवाखान्यात बायकोला पाठीमागे बंदांनी बांधायचा पांढरा झगा दिला. “धातूचं काही?” फोटोवाल्याने विचारलं. तिने ‘नाही’ म्हणून मान हलवली. दार लागलं, आतून घरघर ऐकू आली, आणि ती बाहेरसुद्धा आली.

तासाभराने डॉक्टरांनी मला आत बोलावलं. फोटोची फिल्म अजून ओली होती. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी वर उजवीकडे एक पांढुरका डाग दाखवला. “क्षय दिसतोय. आजपासून बाळाला अंगावर पाजायचं नाही.” मी ‘बरं’ म्हणालो.

बाहेर येऊन सांगितलं, तर बायको रडली नाही. तिने पदराखालचं हळकुंड मुठीत धरून मला दाखवलं. “अहो, हे हुतं की माझ्या गळ्यात! त्याचाच डाग आसंल.”

मी अक्षरशः धावत आत गेलो. डॉक्टर चिडले, मास्तर असून एवढं कळत नाही का म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. उलट त्यांनी अजून चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. दुपारी पुन्हा फोटो काढू, असं ते म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही व्हरांड्यात बसलो. आई पोरीला बोटाने साखरपाणी चाटवत होती. पोर थुंकून टाकत होती, किंचाळत होती. बायकोची चोळी दुधाने भिजली. तिने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

हाक आली तेव्हा हळकुंड तिने स्वतःच सोडलं. आई काही बोलायच्या आत माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, “तुमच्या हातात हाय, म्हंजी गळ्यातच हाय.” ती बाहेर येईपर्यंत मी मूठ आवळून उभा होतो. देवाला काय काय बोललो ते आता आठवतही नाही.

दुसरी फिल्म आली. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी धरल्या. पहिल्या फिल्ममध्ये बरंच खाली, मधोमध, एक बारीक सावली होती. ती आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती. हळकुंड ते होतं. दुसऱ्या फिल्ममध्ये ती सावली गेली होती. वरचा डाग जागच्या जागी होता.

रोज इंजेक्शन, गोळ्या, वर्ष-दीड वर्ष; बाळाला दूर ठेवा, वरचं दूध द्या. मी सगळं नीट लिहून घेतलं. लिहिण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

बाहेर येऊन हळकुंड तिच्या गळ्यात बांधायला गेलो, तर दोन वेळा गाठ सुटली.

परतीच्या एसटीत आई पोरीला घेऊन शेवटच्या बाकावर बसली आणि आम्ही दोघं पुढे. रडून रडून पोर जरा शांत झाली होती. एवढ्यात बायकोला खोकल्याची उबळ आली आणि मागून पोरीने टाहो फोडला. तिने आपल्या आईचा खोकला ओळखला होता. दोन महिने रात्रंदिवस तिने तोच तर ऐकला होता.

तिथून शेवगाव येईपर्यंत बायकोने पदराचा बोळा तोंडात कोंबून ठेवला. उबळ आली की सगळं अंग हलायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज येऊ दिला नाही. मी शेजारी बसून होतो.