एका बिडीचा विचार

आपटा गावाच्या नदीपलीकडच्या वाडीतला शुक्रा कातकरी भट्टी लावणारा होता. विटा पाडणारे हात शंभर मिळतात, भट्टी लावणारा एखादाच. कच्च्या विटा रचायच्या, मधे कोळशाची भुकटी आणि भाताचा तूस भरायचा, वरून चिखलानं लिंपायचं आणि खालच्या तोंडांतून आग द्यायची, एवढं कुणीही शिकतो. शुक्राचं काम त्यानंतर सुरू व्हायचं. धूर बघण्याचं. पहिला धूर भाताच्या वाफेसारखा पांढरा. ते विटांतलं पाणी. मग तो काळवंडतो, आणि पुढं एका घटकेला बारीक होऊन निळसर होतो. त्याच घटकेला तोंडं बुजवायची. आधी बुजवली तर वीट कच्ची. उशीर झाला तर वितळून विटेला वीट चिकटलेली.

शुक्रा भट्टीसमोर उकिडवा बसायचा, बिडी पेटवायचा, धुराकडे बघत ती शेवटपर्यंत ओढायचा. मग थोटूक चिखलात खुपसून म्हणायचा, "बुजवा." किंवा, "नाय आजून." भट्टीचा मालक दिनानाथ शेठसुद्धा तेवढा वेळ गप्प उभा राही. कुणी बोललंच तर डाफरे, "थांब की मेल्या, शुक्राची बिडी चाललीय."

वाडीतले लोकही आपलं अडलेलं घेऊन त्याच्याकडे यायचे. पोरगी कुठे द्यावी, भट्टीवर यंदा कोन गावाला जावं की इथंच राहावं. एक बिडी, एक उत्तर. चुकलं तर काय, असं कुणी म्हटलं की तो हसायचा. "चुकलं तर चुकलं. बुजवलेली भट्टी उघडून बघतो का कुनी?"

उघडत नाहीत. आत वीट लाल असते. गार वारा लागला की तडकते.

एकोणनव्वद सालच्या श्रावणात त्याच्या थोरल्या मुलीला, चिंगीला, ताप भरला. सात वर्षांची पोर. पाताळगंगा दोन्ही काठ सोडून वाहत होती आणि दवाखाना पलीकडे. शुक्रा काठावर बसला. बिडी ओढली. झाडं मुळांसकट वाहून जाताना पाहिली. उठून बायकोला, सोनाबाईला, म्हणाला, "पानी उतरलं की नेऊ."

पाणी दुपारी उतरलं. पोरीला खांद्यावर घेऊन तो छातीभर पाण्यातून पलीकडे गेला. दवाखान्याच्या पायरीवर पोचला तेव्हा खांद्यावरचं ओझं जड झालं होतं. कशानं, ते बापाला कळलं.

सकाळी त्याच पाण्यात उतरलेला एक धडधाकट गडी बैलासकट वाहून गेला होता. सगळी वाडी सांगत होती, शुक्रा, तुझा निकाल बरोबर होता, दोघं गेला असतात. त्यालाही ते ठाऊक होतं. पण दहाव्या दिवशी त्याची सासू गुणाबाई भाकरी थापता थापता, कुणाकडे न बघता म्हणाली, "तवाच नेली आसती तर?"

म्हातारी बोलली आणि विसरली. शुक्राच्या मनात मात्र तो 'तर' राहिला.

त्या साली भट्टी लागली. शुक्रा बसला, एक बिडी संपली, त्यानं दुसरी पेटवली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. तिसऱ्या बिडीला त्यानं तोंडं बुजवायला सांगितलं. चौथ्या दिवशी सोनाबाईला तो भट्टीच्या मागे सापडला. हातात पहार, चिखलाच्या लिंपणाला मूठभर भोक, आणि हा आत डोळा लावून.

"काय करताव?"

"बघतो. लवकर बुजवली का काय."

भट्टीची ती बाजू सगळी तडकली. नव्या पनवेलच्या इमारतींना विटा पुरत नव्हत्या, ट्रक उभे होते, म्हणून शेठनं तडकलेल्याही खपवल्या. पुढच्या भट्टीलाही शुक्रानं भोक पाडलं. तेव्हा शेठ ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "शुक्रा, तू आता तूस वाहा." आणि भट्टी लावायला कोनचा माणूस आणला.

धाकटी मनिषा सहा वर्षांची झाली तेव्हा आश्रमशाळेच्या माधुरीबाई वाडीत आल्या. शाळा पनवेलच्या पुढे, राहणं-जेवण तिथंच. मनिषा बाईंच्या पर्सचा पट्टा धरून उभी होती. सोनाबाई म्हणाली, "न्या." बाईंनी बापाकडे पाहिलं.

"इचार करून सांगतो," शुक्रा म्हणाला.

तिथं ताप आला तर? इथं ठेवली आणि इथंच आला तर? तिथं निदान डॉक्टर जवळ. पण बाप लांब. तो रोज मनातल्या मनात या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. जून गेला. पुढच्या वर्षी बाई आल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी त्या उंबऱ्यापाशीच म्हणाल्या, "शुक्रा, हो म्हण नाही तर नाही म्हण. मला दुसऱ्या वाड्याही आहेत."

"आजून इचार चाललाय बाई."

"हा विचार नाही रे. विचाराला शेवट असतो."

चौथ्या वर्षी त्या आल्या नाहीत. त्यांची बदली झाली होती. आषाढ लागल्यावर एका पहाटे शुक्रा उठला, मनिषाच्या केसांना तेल लावायला सांगितलं आणि तिला घेऊन निघाला. पोर वाटेनं उड्या मारत होती. शाळेतल्या नव्या मास्तरांनी वही उघडून पाहिली. "जागा कधीच भरल्या. नऊची दिसते ही. पुढच्या वर्षी दहाची घोडी पहिलीत कशी बसवू? बाबा, इतकी वर्षं काय करत होतास?"

शुक्रानं खरं ते सांगितलं. "इचार."

मास्तरांना तो विनोद वाटला.

पनवेलच्या एसटी स्टँडवर बापलेक बसले. मनिषा रडली नाही. फ्रॉकची नवी फीत बोटाला गुंडाळत म्हणाली, "बा, पयल्याच वरसाला 'नाय' म्हनला आसतास तरी चाललं आसतं. मी रडून मोकळी झाले आसते."

त्यानं बिडी काढली. तेवढ्यात आपट्याची गाडी लागली. "गर्दी हाय," तो म्हणाला, "मागच्या गाडीनं जावं का?"

पोर उठली, माणसांच्या कमरांमधून घुसली आणि पायरीवर चढून वळली. "यायचा तर ये बा. नायतर बस."

त्या हिवाळ्यात मनिषा विटा पाडायला लागली. शाळेचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. पंधराव्या वर्षी कोनच्या भट्टीवरच्या सुरजशी तिचं जमलं, ते मायलेकींनीच ठरवलं. शुक्राला लग्नाचा दिवस तेवढा सांगितला.

तो अजून शेठच्या भट्टीवर तूस वाहतो. धूर निळा झाला की सगळ्यांच्या आधी त्याला कळतं. टोपली खाली ठेवून तो थबकतो, खिसा चाचपतो. माणसं कोनवाल्याच्या तोंडाकडे बघत उभी असतात. शुक्राला कुणी विचारत नाही.