उजव्या बाजूची शिस्त

अमेरिकेत पार्सिपनीत राहायला आल्यावर मला पहिली चीड आली ती पायी फिरायला जाण्यासाठीही गाडी काढावी लागते याची. आमच्या अपार्टमेंटच्या बाहेर फुटपाथच नव्हता. पाऊल टाकलं की थेट गाड्यांचा रस्ता. २००५च्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा रोज संध्याकाळी त्यांना गाडीत घालून मी तळ्याकाठच्या वाटेवर न्यायची.

बाबांना इथे गाडी चालवता येत नव्हती, टीव्हीवरचं बोलणं कळत नव्हतं, फोनसुद्धा आम्हीच लावून द्यायचो. फिरण्याचा तो तास मात्र त्यांचा स्वतःचा होता. मी बाकावर बसायची आणि ते एकटेच, हात मागे बांधून, ऐटीत चालायचे.

ती वाट चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची सामाईक. आपण उजव्या कडेने चालायचं, मागून येणारा डावीकडून पुढे जाणार, असा इथला रिवाज. मी तो बाबांना दहादा सांगितला होता. पण सगळी नोकरी पुण्यात सायकलवर काढलेला माणूस. मागे घंटी वाजली की पाय आपोआप डावीकडेच वळणार. एका शनिवारी तेच झालं. घंटी वाजली, बाबा डावीकडे सरकले आणि भरधाव आलेला सायकलवाला त्यांच्यावर आदळला. दोघंही पडले.

मी धावत गेले. बाबांचं कोपर चांगलंच सोलवटलं होतं. अंगाला चिकटलेले भडक कपडे घातलेला तो गृहस्थ उठला आणि त्याने आधी सायकल उचलली. चाक फिरवून पाहिलं, रंगाचा टवका उडाला का ते बोटाने चाचपलं. मग म्हणाला, ह्यांना उजव्या बाजूला ठेवत जा. बाबांना नाही, मला. कुत्र्याच्या मालकिणीला सांगावं तसं. मला त्या माणसाची शिसारी आली. त्याहून जास्त संताप बाबांचा आला, कारण ते जमिनीवर बसल्या बसल्या त्यालाच सॉरी म्हणत होते.

घरी नवऱ्याने कोपराकडे ओझरतं पाहिलं आणि लगेच तोडगा काढला. "यार, ते तळं आता कॅन्सल कर. सकाळी मॉलमध्ये वॉक करू देत त्यांना. बाकीचे काकाही तिथेच करतात."

मॉलमध्ये ना ऊन, ना वारा. न उघडलेल्या दुकानांसमोरून म्हातारी मंडळी गोल गोल फिरत होती. त्या गुळगुळीत फरशीचाही मला पहिल्याच दिवशी वीट आला. बाबा उजव्या भिंतीला खांदा घासत चालले होते. मागे पावलं वाजली की थांबायचे, दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभे राहायचे आणि तो माणूस पुढे गेल्यावरच पाय उचलायचे. एक बाई बाबागाडी ढकलत गेली, तेव्हाही तसेच उभे. मी जवळ गेले, तर हळू आवाजात म्हणाले, "बाळ, मी कुणाच्या मध्ये तर येत नाहीये ना?"

दुपारी विमान कंपनीला फोन करून मी त्यांचं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं.