आमच्या पाऱ्यात पिसं कोणी लावत नाही

आधीच सांगून टाकते, चूक माझ्यापासून सुरू झाली. ही गोष्ट ऐकून लोक मला बिचारी ठरवतात, त्याचा मला राग येतो.

सौंदर्यस्पर्धेच्या अर्जावर "स्वतःबद्दल चार ओळी" असा रकाना होता. मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. मोर्चा असो, धरणं असो, नाहीतर तहसीलसमोर नुसतं उन्हात उभं राहणं असो, पत्रक माझ्याकडेच येतं. त्यामुळे हात आपोआप चालला. "मी जंगलाची लेक. नदी माझी माय, डोंगर माझा बाप." दिलं ठोकून. खरं म्हणजे मी रायपूरच्या भनपुरीत जन्मले. आमच्या पाऱ्याच्या, म्हणजे वस्तीच्या, मागे ट्रकांचं यार्ड आहे आणि पुढे टायरची दुकानं. माझा बाप ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवतो. जंगल मी दोनदा पाहिलं, मामाच्या गावी लग्नाला जाताना, बसच्या खिडकीतून.

आम्ही गोंड. आजोबा गोंदियाकडून मजुरीला इकडे आले आणि पाऱ्यातली बरीच घरं त्यांच्या मागोमाग आली. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. गोंडी आता म्हाताऱ्यांच्या शिव्यांमध्ये तेवढी उरली आहे. आणि गोंड असूनही गोंड असल्याचा कागद आमच्यातल्या निम्म्या घरांकडे नाही. जात प्रमाणपत्र मागायला गेलं की इथला बाबू आजोबाच्या जमिनीचा जुना कागद मागतो. जमीन असती तर आजोबा पोती उचलायला रायपूरला आले असते का? गोंदियाकडे विचारलं तर तिथला बाबू म्हणतो, तुम्ही राहता छत्तीसगडात, तिकडेच मागा. दोन राज्यं मिळून एका माणसाला आदिवासी ठरवू शकत नाहीत.

शेजारच्या मावशीची मुलगी त्या वर्षी बारावी झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. नंबर लागेल इतके गुण होते, फक्त प्रमाणपत्र हवं होतं, आणि प्रवेशाची मुदत तोंडावर आली होती. आमची मागणी साधी होती. कागद नसेल तिथे वस्तीच्या साक्षीवर प्रमाणपत्र द्या. ही मागणी मी इतक्या पत्रकांत छापली आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. पत्रकांच्या पुड्या होतात. आमच्या नाक्यावरचा भजीवाला मला चिडवायचा, "दीदी, तुम्हर कागज बने मोट रथे, तेल नइ चुहय." म्हणजे तुमचा कागद चांगला जाड असतो, तेल गळत नाही.

तेवढ्यात ही स्पर्धा आली. जिंकणाऱ्या मुलीला मंत्रालयात नेणार होते. मंत्रीसाहेबांबरोबर फोटो आणि दहा मिनिटं बोलणं. मी दहा मिनिटांचा हिशेब लगेच केला. सात वर्षं धरणं धरून आम्हाला दारावरच्या शिपायापुढे जाता आलं नव्हतं.

माय म्हणाली, "तू? चालताना तुही चप्पल फटफट वाजते, आन् तू का रानी होशीन?"

पण पाऱ्यातल्या बायकांनी मनावर घेतलं. शंकर नगरात स्पर्धेची तयारी करून घेत, तिथे जायला कोणी ना कोणी मला स्कुटीवर सोडायचं. उंच टाचांवर चालणं मी आमच्या गल्लीत शिकले, नालीच्या कडेकडेने, आणि दोन्ही बाजूंच्या दारांतून सूचना यायच्या. "छाती काढ ना वं!" "खाली नोको पाहू, पडशीन!" शेजारची मावशी एवढंच म्हणायची, "तिकडे गेली का पयले आमच्या पोरीचं काढजो." मी हो म्हणायचे. हो म्हणताना मला फार बरं वाटायचं, हेही कबूल करते.

पहिल्या दोन फेऱ्या पार झाल्या. अंतिम फेरी दुपारची होती. गाऊनच्या फेरीआधी मेकअपवाल्या दीदीने माझ्या मनगटावरचं गोंदण पाहिलं आणि विचारलं, "ये निकलेगा नहीं क्या?" ते गोंदण मामीने मामाच्या गावी गोंदणारणीकडून करवून घेतलं होतं. शाळेत मी ते बाहीखाली लपवायचे. त्या दिवशी दीदीने ते फाउंडेशनच्या तीन थरांखाली लपवलं आणि मी मनगट पुढे धरून राहिले. गाऊन उतरवल्यावर, पारंपरिक पोशाखाच्या फेरीसाठी, तीच दीदी पांढरा रंग घेऊन आली आणि माझ्या गालांवर ठिपके काढू लागली.

"हे काय?"

"ट्रायबल लुक है ना आपका. गोदना बना रही हूँ."

खरं गोंदण झाकलं आणि खोटं काढलं, त्याच हातांनी, अर्ध्या तासात. तिचा दोष नव्हता. तिला जे सांगितलं ते ती करत होती.

मग आयोजक मॅडम पोशाख घेऊन आल्या. भाड्याच्या दुकानातून आणलेला. कमरेला पानं, कापडाची. गळ्यात कवड्या, प्लास्टिकच्या. आणि डोक्यावर गोल पिसांचा मुकुट, कोंबडीच्या पिसांना निळा-लाल रंग दिलेला. शिवाय एक भाला.

मी म्हटलं, "मॅडम, असं आमच्यात कोणीच घालत नाही."

"बेटा, आपने ही तो लिखा है." त्यांनी मोबाइलवर माझा अर्ज काढला आणि मोठ्याने वाचला. "जंगल की बेटी. कितना सुंदर लिखा है! हमने उसी हिसाब से मँगवाया."

माझ्याच ओळी. ज्या वाक्यांवर मी मोर्च्यांत टाळ्या घेतल्या, त्यांचेच कपडे शिवून माझ्यापुढे धरले होते.

"मी साडी नेसते," मी म्हणाले.

"साड़ी तो पाँच लड़कियाँ पहन रही हैं. आप टॉप तीन में हो अभी, पता है? ये राउंड आपका है. इसी में जीतोगे आप."

पडद्याच्या फटीतून मी बाहेर पाहिलं. शेवटच्या दोन रांगांत आमचा पारा बसला होता. माल वाहायच्या छोट्या गाडीत उभ्याने आल्या होत्या सगळ्या. माय होती, शेजारची मावशी होती, आणि मावशीची मुलगी मांडीवर फाइल घेऊन. कार्यक्रमाला फाइल! मी जिंकले की लगेच कोणाच्या तरी हातात द्यायची म्हणून. पिसं लावली तर त्या फाइलला दहा मिनिटं मिळणार होती. आणि ती पिसं मला त्याच बायकांसमोर लावून मिरवायचं होतं, ज्यांना लोक रोज विचारतात की तुम्ही शहरात राहता तर आदिवासी कशा.

मी मायला फोन केला. बाथरूमकडे ये.

तिने माझे गाल पाहिले आणि हसू दाबलं. "काय वं, चुन्यात तोंड घातलं का?"

"माय, तुही साडी दे मले."

"काहून?"

मी भाला दाखवला. तिने त्याचं टोक बोटाने दाबून पाहिलं. म्हणाली, "ह्या भाल्यानं का उंदीर तरी मरन का?" आणि निऱ्या सोडायला लागली. तिची साडी नायलॉनची, पिवळ्या फुलांची, आठवडी बाजारातली. माझा सलवार-कुर्ता तिला पोटावर अडकला. "मी आता कॉलेजात जाऊन राहिली," ती म्हणाली. मी गाल धुतले. मनगट साबणाने घासलं.

मंचावर निवेदकाने माझ्याच ओळी वाचल्या. जंगल, नदी, डोंगर. मी चालत पुढे गेले आणि एका परीक्षक बाईंनी विचारलं, "आपका पारंपरिक पहनावा?"

मी हिंदीत बोलले. जे बोलले ते असं: "हाच. आमच्या पाऱ्यात सगळ्या बाया हीच नेसतात. मी अर्जात खोटं लिहिलं. मी जंगलात वाढलेली नाही, भनपुरीत वाढले. तरी मी गोंड आहे. पिसं लावली की तुम्ही ओळखता, आणि आम्ही साध्या कपड्यांत रांगेत उभ्या राहिलो की तुमचा बाबू आजोबाचा कागद मागतो. मागे एक मुलगी बसली आहे, तिची मुदत चार दिवसांत संपते. कागद नसेल तर वस्तीची साक्ष घ्या. माझी नको, आमच्या पाऱ्यातल्या साठ वर्षांच्या बायांची घ्या."

पत्रकातली एकच ओळ त्यात होती, बाकी सगळी तोंडाला येईल तशी. मागून आमच्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या रांगा मागे वळून पाहायला लागल्या. निवेदकाने "बहुत बढ़िया, जोरदार तालियाँ" म्हणत संगीत लावलं.

मी पहिल्या पाचातही नव्हते. भाल्याचं भाडं तरी सुटावं म्हणून असेल, तो पोशाख दुसऱ्या एका मुलीला घातला. ती भिलाईच्या सराफाची मुलगी होती. तिला तिसरा नंबर मिळाला.

परतताना गाडीत सगळ्या बोलत होत्या. माझी नक्कल करत होत्या, परीक्षक बाईंची नक्कल करत होत्या. शेजारची मावशी मुलीची फाइल छातीशी धरून होती. भनपुरीचा नाका आला तेव्हा ती म्हणाली, "दोन मिनटं पिसं लावली असती, त का झडून गेली असती का तू?"

माय काही म्हणायला गेली, तिला मी हाताने अडवलं.

"तुले इज्जत पायजे होती," मावशी म्हणाली, "मले कागद पायजे होता."

तिचं चूक नव्हतं. माझंही नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. पुन्हा तो मुकुट पुढे आला तर पुन्हा नाहीच म्हणेन. पण मावशीला तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण माझी सगळी उत्तरं पत्रकातली होती.

सोमवारी सकाळी मी तिच्या दाराशी गेले. तहसीलला जाऊ, म्हटलं, साक्षीला पाच म्हाताऱ्या बाया तयार आहेत, पत्रक एकही घेतलेलं नाही. तिने मला बसायला सांगितलं नाही. चहाही नाही. मुलगी मात्र आतून चप्पल घालून आली, फाइल घेऊन.

बाबूने नाही म्हटलं. आम्ही बसलो. दुपारी पुन्हा नाही म्हटलं. पाचही म्हाताऱ्या त्याच्या टेबलासमोर फरशीवर डबे उघडून जेवायला बसल्या, आणि त्यातल्या सर्वांत मोठीने त्यालाही भाकर विचारली. तो उठून साहेबांकडे गेला. मंगळवारी साक्षी लिहून घेतल्या. कच्चं प्रमाणपत्र मिळालं, सहा महिन्यांचं. पक्कं अजून मिळालेलं नाही, त्यासाठी आम्ही अजून बसतो.

मुलीचा प्रवेश झाला. ते सांगायला मावशी आमच्या दारात आली, आत आली नाही. मायला म्हणाली, "सांगजो तुह्या पोट्टीले." मी तिथेच, तिच्यापासून दोन हातांवर, भांडी घासत होते.