घंटेचा दोर

अनघा, माझी बायको, समोरच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या टेबलावर होती. बसवेना, म्हणून आईला घेऊन मी त्या इटालियन गावातल्या रोमनेस्क चर्चमध्ये शिरलो. जाड भिंती, अर्धगोल कमानी आणि खाली एका आद्य ख्रिस्ती संताची समाधी. आईने दारातच चपला काढल्या आणि लोंबता दोर ओढून देवळातल्यासारखी घंटा वाजवली.

चर्च सांभाळणारी म्हातारी धावत आली. "कोण वारलं?" तिने तिच्या भाषेत विचारलं. तिथे अवेळी घंटा मयतालाच वाजते.

"काय म्हणतेय रे?" आईने विचारलं.

"कुणासाठी वाजवलीत, विचारतेय," मी निम्मंच सांगितलं.

"अनघा," आई म्हातारीला म्हणाली.

म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. एकाच नावासाठी दोघींनी डोळे मिटले. कुणाची प्रार्थना आधी पोचेल, या धास्तीने मी म्हातारीचे जोडलेले हात सोडवले.