सोडियम, एरंडेल आणि उजवा डोळा

‘पानी कितनी देर डाले?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘डाले नहीं,’ मी म्हणालो.

त्यांनी लिटमसचा लाल कागद माझ्या उजव्या पापणीच्या आत टेकवला. तो निळा झालेला मी डाव्या डोळ्यानं पाहिला. केसपेपरवर त्यांनी ‘अल्कली बर्न’ असं लिहिलं. अल्कली म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार. तो वरवर जाळून थांबत नाही, धुऊन काढेपर्यंत आत शिरत राहतो.

‘घंटाभर अंदर जाता रहा,’ ते म्हणाले. ‘कॉर्निया गया समझो.’

कॉर्निया म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा बाहेर चिठ्ठीच्या रांगेत उभा होता. त्यानं हे ऐकलं नाही.

दादा हैदराबादेत जामबागेतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचा. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा त्याला औरंगाबादच्या शाळेत बदलीचा हुकूम आला. इथल्या प्रयोगशाळेचा ताबा कुणी घ्यायचा हे ठरेना. खोलीला कुलूप लागणार होतं आणि आत सोडियमची बरणी होती. पाण्याशी गाठ पडली की सोडियम पेटतं, म्हणून ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. बंद खोलीत रॉकेल उडून गेलं तर काय, म्हणून दादानं बरणी विद्यानगरच्या घरी आणली. मागच्या पडवीत त्याची स्वतःची छोटी प्रयोगशाळा होती. तिथलं फडताळ कोरडं होतं, उंचावर होतं, त्याला कुलूप होतं. इथवर त्याचं काही चुकलं नाही.

पुढची चूक माझी. बरणीचं झाकण नीट बसेना, म्हणून सोडियम दुसऱ्या बाटलीत हलवायचं ठरलं. ‘बाटली कोरडी आहे ना रे?’ त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. सकाळीच ती धुऊन मी फडक्यानं पुसली होती. उन्हात ठेवली नव्हती.

दादानं आधी रॉकेल ओतलं. उरलेलं पाणी रॉकेलखाली बसलं, दिसलं नाही. सोडियमचा तुकडाही तळाशी गेला. बुडबुडे कसले येतात म्हणून मी वाकलो, तेवढ्यात बाटली उसळली आणि आतलं माझ्या उजव्या डोळ्यात उडालं.

वहिनी हंडा घेऊन धावत आल्या. दादानं त्यांचा हात धरला. ‘पाणी नको! पेटेल!’

‘अहो, डोळा आहे तो, बाटली नव्हे!’

‘तुला कळतंय का काही?’ असं म्हणून त्यानं माझ्या डोळ्यात एरंडेल ओतलं. बाटलीचा नियम त्यानं डोळ्याला लावला. मग रिक्षा शोधली.

इस्पितळात पहिल्या दिवशी सलाइननं, म्हणजे मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं, डोळा धूत राहिले. नंतर रोज सकाळी पापणीखालून काचेची कांडी फिरवत. पापणी डोळ्याला चिकटू नये म्हणून. त्या कांडीची वाट पाहणं कांडीपेक्षा वाईट. मी वर्तमानपत्रात काम करतो हे कळल्यावर शेजारच्या खाटेवरचे चाचा म्हणाले, ‘अच्छाइच हुआ साब, अब बुरी खबराँ आधीच दिखतीं.’ वाईट बातम्या आता अर्ध्याच दिसणार, म्हणून वॉर्ड हसला. मीही हसलो.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगायचा, ‘मी हिचा हात धरला म्हणून निभावलं. नाहीतर दोन्ही डोळे गेले असते.’ वहिनी माझ्याकडे पाहायच्या. मी कूस बदलायचो. ती बाटली खरंच कोरडी होती का, हे दादानं मला पुन्हा विचारलं नव्हतं. विचारू नये, असं मला वाटत होतं.

पट्टी निघाली तेव्हा दादा औरंगाबादला गेला होता. डॉक्टर म्हणाले, ‘ओपॅसिटी है.’ म्हणजे पडदा कायमचा पांढरा झाला आहे. उजवीकडे आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. प्रुफं मी मान वाकडी करून वाचतो.

काही महिन्यांनी दादाचं पत्र आलं. नव्या शाळेच्या प्रयोगशाळेत त्यानं फलक लावला होता: ‘सोडियमचा अपघात झाल्यास अंगाला पाणी लावू नये.’ मुलांना तो माझ्या डोळ्याचं उदाहरण देतो, असंही अभिमानानं लिहिलं होतं.

त्याच दिवशी मी त्याला कळवलं ते वाचकांसाठी इथे पुन्हा लिहितो. सोडियम रॉकेलखाली ठेवा, पाण्यापासून दूर ठेवा. पण ते अंगावर उडालं तर दिसणारा कण कोरड्या कापडानं लगेच काढा आणि मग भरपूर पाणी घाला. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या ताणून धरा आणि किमान अर्धा तास वाहत्या पाण्यानं धुवा. नंतर इस्पितळ. तेल नको, तूप नको. वहिनींचा हंडा बरोबर होता. त्यांचे आभार मी घरात मानले नाहीत, ते इथे मानतो. फलक उतरव, असंही त्याला लिहिलं.

उत्तराच्या कार्डावर फलकाचं नाव नव्हतं. एकच ओळ होती: ‘हे तुला केव्हापासून माहीत होतं?’

पहिल्या दिवसापासून, असं मी लिहिलं आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.