टेपचं शून्याचं टोक

घराची जागा मोजली तेव्हा टेपचं शून्याचं टोक शेजाऱ्याच्या हातात होतं आणि आकडा मी वाचत होतो. शून्य त्याने मुठीत दाबलेलं. वीतभर जागा त्या मुठीत गेली. आजही बोळातून मोटारसायकल काढताना माझं कोपर त्याच्या भिंतीला घासतं.

म्हणून मुलगी दुसरीत गेली तेव्हा तिला लांबी मीच शिकवली. माझं पाइप आणि केबलचं दुकान आहे. केबलचे दोन तुकडे शेजारी धरून विचारायचो, "लांब कोणता?" एक मुद्दाम पुढे सरकवलेला असायचा. आधी सुरुवात बघायची, शेवट नंतर. ती फसायची, मग फसेनाशी झाली.

एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. तिच्या मॅडम शेजाऱ्याच्या नात्यातल्या, त्यामुळे मी तयारीनेच गेलो.

"व्हरांडा जोडीनं मोजायचाय," मॅडम म्हणाल्या. "तुमची पोरगी कुणालाच दुसरं टोक धरू देत न्हाई. आता तिच्यासंग कुणी जोडी करंना."

"जोडीला कोण दिली होती?"

शेजाऱ्याची नात दिली होती.

"कावून तीच? शाळेत दुसऱ्या पोरी न्हाईत?"

"एका बाकावर बसतात म्हणून. भाऊ, तुमी कोर्टात आलाय का शाळेत?"

बाहेर बाकीची मुलं खिचडी खात होती. माझी मुलगी व्हरांड्यात एकटी. शून्यावर दगड ठेवायची, पलीकडे पळायची, टेप ओढली की दगड सरकायचा. दर वेळी आकडा वेगळा. तिचे डोळे भरून आले होते.

"सोड तो दगड. मी धरतो," म्हणालो.

वाटलं, हसेल. ती जवळ येऊन वाकली.

"पप्पा, अंगठा काढा. शून्य दिसू द्या."

काढला. ती पलीकडे गेली, टेप खाली ठेवली आणि माझं टोक तपासायला परत आली. तोवर टेप सैल पडली. पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं, पण ओरडणार कुणावर? शेजाऱ्याची नात ताट हातात धरून बघत होती.

"ये बाई, तू धर," तिला म्हणालो.

तिने हात फ्रॉकला पुसले आणि टोकाची कडी भिंतीला टेकवली. शून्य उघडं होतं. मी शेजारी उकिडवा बसून बघितलं. परत एकदा बघितलं.

मग पलीकडे मुलीला सांगितलं, "बरोबर हाय. वाच."