विहिरीवरचा तिसरा टेक

पंचवीस दिवस शूटिंगला राहिलं की माणूस किस्से घेऊनच घरी येतो. जळगावला परतून मला महिना झाला, पण चहाला कुणी आलं की अजून तेच चालू!

धुळ्याजवळच्या एका गावात आमचा पिक्चर चालला होता. काळ शंभर वर्षांपूर्वीचा. एक तरुण विधवा पोटुशी राहते, पण ना जीव देते, ना गाव सोडते, ना लाजते. एवढीच गोष्ट. कपडेपट माझ्याकडे होता.

जुनी लुगडी गोळा करत घरोघर फिरत होते. एका काकूंनी लग्नातलं हिरवं लुगडं काढलं आणि विचारलं, "कोन नेसनार?"

मी चाचरत खरं ते सांगितलं. काकूंनी लुगड्याची घडी पुन्हा घातली. आता लुगडं परत ट्रंकेत जाणार, असं मला वाटलं.

"थांब," म्हणत त्यांनी वरची चोळीही माझ्या हातात ठेवली, "चोळी बी लई जाय!"

पंचांच्या सीनमध्ये गावातले नाना बसले होते, मनगटावर घड्याळ! "नाना, त्या काळी हे नव्हतं."

"का बरं? त्या लोकेसले टाइम नव्हता का?"

कसंबसं काढायला लावलं, तर खाली उन्हानं न रापलेला पांढरा पट्टा! मेकअपवाल्यानं तोही रंगवला.

एक दिवस दहा-बारा पोरं शूटिंग बंद पाडायला आली. "आमच्या संस्कृतीचा अपमान चालणार नाही!"

डायरेक्टर मॅडमनी त्यांच्या अध्यक्षाच्या हातात सरळ स्क्रिप्टच दिली. तो लिंबाखाली वाचत बसला. तासाभरानं तो तावातावानं उठून आला. "मॅडम, त्या बाईचा हा दीर एक नंबरचा हरामखोर आहे! याला कोणी बदडत का नाही?"

हिरॉइन पुण्याची. तिच्या पोटाला मी कापसाची उशी बांधायचे. दुपारी ती पपई खायला बसली, तर गावातल्या सत्तरीच्या अक्का धावत आल्या आणि फोड हिसकावली.

"अक्का, अहो ही उशी आहे!"

"ऱ्हाऊ दे उशी. पपई खाले ठेव!"

मग विहिरीवरचा सीन. हिरॉइन भरलेला हंडा उचलायला जाते, आणि गावच्या सगळ्या बायका तिच्याकडे पाठ फिरवतात. ॲक्शन! वीस बायका फिरल्या. अक्का मात्र पुढे झाल्या आणि हंड्याला हात लावला.

कट! मॅडमनी समजावलं. दुसरा टेक. पुन्हा तेच!

मॅडम वैतागल्या. "अक्का, त्या काळी बायका अशाच वागायच्या हो. फक्त पाठ फिरवायची, बाकी काही नाही."

अक्कांनी पदर सारखा केला. "मी एकदाव पाठ फिराई व्हती, माय. आते नही फिरावसू."

मॅडमनी कॅमेरामनला हळूच काहीतरी सांगितलं. त्यानं कॅमेरा अक्कांकडे वळवला.

तिसरा टेक. अक्कांनी हंडा उचलून हिरॉइनच्या डोक्यावर दिला आणि दोघी वाटेला लागल्या. पार वळणापर्यंत गेल्या, तरी कट म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.